वेबसाइटच्या फुकट थीम आणि प्लगइन : पिशवीवरचा टॅग वाचून घ्या



काहिलीतला पाक वाफ्यात ओतायचा, रवे भरायचे, शाहू मार्केट यार्डातल्या सौद्याला लावायचे आणि अडत्याची पट्टी घेऊन घरी यायचे, ही आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गुऱ्हाळांची जुनी वाट आहे. ती सोडा असे आम्ही सांगत नाही. पण २०१४ साली कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली आजरा घनसाळ तांदळाला मिळाले, आणि आता पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक थेट शेतकऱ्याचे नाव-गाव विचारते. तेव्हा थोडा माल आपल्या नावाने विकण्यासाठी घरची वेबसाइट असावी, असे अनेक कुटुंबांना वाटू लागले आहे. हे काम फार खर्चाचे नाही. मात्र त्यातले फुकट काय घ्यावे आणि कोठून घ्यावे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

फुकट का मिळते?

वेबसाइट बनवण्याचे 'वर्डप्रेस' नावाचे सॉफ्टवेअर आहे. जगातल्या शंभर वेबसाइटपैकी चाळिसांहून अधिक त्यावर चालतात. त्याचा जन्म २००३ सालचा. फ्रान्समधल्या एका गृहस्थाने लिहिलेले 'बी टू' हे सॉफ्टवेअर मागे पडले होते. अमेरिकेतला मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी ते पुढे चालवले. परवान्यातच तशी मुभा होती. त्या परवान्याला 'जीपीएल' म्हणतात : वापरा, बदला, दुसऱ्यालाही द्या, पण पुढच्यालाही हाच हक्क राहू द्या. शेजाऱ्याकडून पायलीभर बी आणावे, पेरावे आणि पुढच्या साली दुसऱ्याला द्यावे, तसाच हा व्यवहार आहे.

'थीम' म्हणजे वेबसाइटचे रूप आणि मांडणी : नाव कोठे, फोटो कोठे, अक्षर केवढे. 'प्लगइन' म्हणजे जोडअवजार. ट्रॅक्टर तोच, पण नांगर जोडला तर नांगरट, पेरणीयंत्र जोडले तर पेरणी. तसेच एक प्लगइन जोडले तर चौकशीचा अर्ज, दुसरे जोडले तर दुकान.

कोठे शोधावे?

वर्डप्रेसचे स्वतःचे कोठार 'वर्डप्रेस डॉट ऑर्ग'वर आहे. तेथे साठ हजारांहून अधिक प्लगइन आणि हजारो थीम विनामूल्य आहेत. बाहेर कोठे हिंडायचीही गरज नाही. आपल्या वेबसाइटच्या आतल्या पानावर 'अॅपिअरन्स'मध्ये 'थीम्स' आणि त्याखाली 'प्लगइन्स' असते. तेथे 'अॅड' दाबले की हेच कोठार उघडते. पडद्यावरची भाषा मराठी करण्याची सोयही 'सेटिंग्ज'मध्ये आहे.

'वर्डप्रेस डॉट कॉम' हे निराळे आहे, हे ध्यानात ठेवावे. तेथे जागाही मिळते, पण फुकट योजनेत आपल्या मनाचे प्लगइन घालता येत नाही.

टॅग कसा वाचावा?

बियाणे घेताना आपण पिशवीवरचा टॅग पाहतो. पायाभूत बियाण्याला पांढरा, प्रमाणित बियाण्याला निळा. प्लगइनच्या पानावरही अशीच माहिती असते. ती अशी वाचावी :

१. शेवटची सुधारणा कधी झाली? वर्षानुवर्षे हात न लागलेले प्लगइन घेऊ नये.

२. किती वेबसाइटवर चालू आहे? लाखांवर असेल तर अडचणीला उत्तर सापडते.

३. वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासले आहे? अलीकडच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासले नसेल, तर कोठारच तशी सूचना दाखवते.

४. लोकांच्या तक्रारींना कर्ता उत्तर देतो का? नुसत्या चांदण्या मोजू नयेत, कमी चांदण्या देणाऱ्याने काय लिहिले तेही वाचावे.

थीम निवडताना नमुन्यातल्या देखण्या फोटोंवर भुलू नये. ते फोटो आपले नसतात. त्या जागी आपल्या गुऱ्हाळाचा फोटो कसा दिसेल ते पाहावे, आणि मोबाइलवर उघडून पाहावे, कारण गिऱ्हाईक मोबाइलवरच पाहणार. वर्डप्रेसबरोबर येणारी 'ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह' ही थीम सुरुवातीला पुरेशी आहे. 'अॅस्ट्रा', 'केडन्स' यांचे फुकट भागही चांगले आहेत. मराठी अक्षरासाठी मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी घडवलेले 'मुक्ता' आणि 'बालू' हे टंक विनामूल्य मिळतात.

किती जोडावे?

तीन प्लगइन पुरेत. चौकशीच्या अर्जासाठी 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७', दुकानासाठी 'वूकॉमर्स', आणि सगळ्याची नक्कल गूगल ड्राइव्हवर ठेवण्यासाठी 'अपड्राफ्टप्लस'. वूकॉमर्समध्ये माल पोचल्यावर रोख घेण्याची सोय असते. वर्डप्रेसबरोबर बहुधा 'अकिस्मेट' आलेले दिसते, पण ते व्यापारी वेबसाइटला फुकट नाही. काही प्लगइनचा अर्धा भाग फुकट आणि उरलेला 'प्रो' म्हणून पैशाचा असतो. आपल्याला लागणारी सोय कोणत्या भागात आहे, ते आधी पाहावे.

बोगस पिशवी ओळखा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पैशाच्या थीम आणि प्लगइन कुलूप तोडून फुकट वाटणाऱ्या जागा आहेत. अशा मालाला 'नल्ड' म्हणतात. २०१९ साली सुरक्षेचे काम करणाऱ्या 'वर्डफेन्स'ने उघड केले, की 'डब्ल्यूपी-व्हीसीडी' नावाची कीड याच मार्गाने वेबसाइटवेबसाइटवर पसरत होती. थीम छान चालते, मालकाला काही कळत नाही, आणि आतून चोरवाट उघडी राहते. मग आपल्या गुळाचे पान उघडणारी सूनबाई जुगाराच्या पानावर जाऊन पडते, किंवा गूगल लाल इशारा दाखवते. गिऱ्हाइकाचा फोन, पत्ता परक्याच्या हाती जातो. बियाणे उगवले नाही तर एक हंगाम जातो. येथे नाव जाते, आणि ते परत मिळवायला किती हंगाम लागतील हे कोणी सांगावे?

कोठारातला मालही डोळे मिटून घेऊ नये. नवे प्लगइन तपासूनच आत घेतात, पण नंतरची प्रत्येक सुधारणा तशी तपासली जातेच असे नाही. 'डिस्प्ले विजेट्स' हे प्लगइन सुमारे दोन लाख वेबसाइटवर होते. ते दुसऱ्याला विकले गेले, नव्या मालकाने त्यात खोडसाळ भर घातली, आणि २०१७ साली ते कोठारातून काढून टाकावे लागले. म्हणून प्लगइन थोडी ठेवावीत, वापरात नसलेले नुसते बंद न ठेवता काढून टाकावे, आणि महिन्यातून एकदा यादीवर नजर फिरवावी. उरलेल्यांना आपोआप सुधारणा लावून ठेवावी. २०२० पासून ही सोय वर्डप्रेसमध्येच आहे.

वेबसाइटचे नाव आणि तिची जागा यांचे वार्षिक भाडे मात्र भरावेच लागते. दोन्ही घरच्याच नावावर घ्यावे आणि पासवर्ड घरातच ठेवावा. काम करून देणारा मुलगा उद्या नोकरीला गेला, तर किल्ल्या त्याच्याबरोबर जाता कामा नयेत. खाण्याचा माल विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून तिचा क्रमांक पानावर टाकावा.

घरातल्या शिकत्या मुलाला किंवा मुलीला हे पान वाचायला द्या, आणि चुलवाण पेटण्याआधीच्या मोकळ्या दिवसांत दोघांनी मिळून बसा. पहिल्या दिवशी एक थीम आणि चौकशीचा अर्ज एवढेच करा. दुकान दोन-चार गिऱ्हाइके आल्यावर जोडले तरी चालेल.