यंत्र एकाचे, नकाशा दुसऱ्याचा

ॲपल कंपनीने सप्टेंबर २०१२ मध्ये आयफोनवरील गूगलचा नकाशा काढून स्वतःचा बसविला. प्रतिस्पर्ध्याला घरात थारा कशाला, हा विचार व्यापारी दृष्टीने स्वाभाविकच होता. परंतु नव्या नकाशात ठिकाणे भलतीकडेच दिसू लागली आणि कंपनीचे प्रमुख टिम कुक यांच्यावर जाहीर क्षमा मागून, तूर्त इतरांचे नकाशे वापरा, असे ग्राहकांना सुचविण्याची पाळी आली. डिसेंबरात गूगलने आयफोनसाठी स्वतंत्र ॲप काढले. दोन दिवसांच्या आत एक कोटीहून अधिक वेळा ते उतरवून घेतले गेले.

याला ग्राहकाची बेइमानी म्हणणे हास्यास्पद ठरेल. यंत्र बदलणे खर्चाचे. नकाशा मात्र फुकट आणि क्षणात बदलता येणारा. शिवाय नकाशाचे मोल वापरणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढते. असंख्य फोन कोठे खोळंबले आहेत, यावरूनच तर रस्त्यावरील कोंडी कळते!

गूगलचा यात लाभ कोणता? ही कंपनी मुख्यतः जाहिरातीवर जगते. ग्राहकाच्या हाती यंत्र कोणाचे, याचे तिला फारसे सोयरसुतक नाही. उलट, आयफोनवर आपलीच शोधसेवा आधीपासून बसविलेली असावी म्हणून तिने २०२२ साली ॲपलला सुमारे २,००० कोटी डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. लोक ज्याला आपण होऊन निवडतात, त्याने पहिल्या जागेसाठी एवढे भाडे का मोजावे? आयते मिळालेले बदलण्याचा कंटाळा हीदेखील एक आर्थिक शक्ती आहे, म्हणून. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलवर मक्तेदारीचा ठपका ठेवला, तो अशाच करारांमुळे. सप्टेंबर २०२५ मधील त्यांच्या आदेशाने अनन्य करारांना बंदी केली. पैसे देण्याला नव्हे.