पाहुण्याची बंदूक, कातकऱ्याची फासकी

आमच्या धाटावात आता कारखान्यांचे भोंगे वाजतात. आजोबा मात्र रानाच्याच गोष्टी सांगत. पलीकडचं फणसाड म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचं राखीव शिकारीचं रान. आजोबा म्हणत, पाहुणा बंदूक घेऊन आला तर त्याला मान, कातकऱ्याने सशाला फासकी लावली तर तो चोर!

पुढे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. तरी परवाना काढून काही प्राणी मारता येत. अर्ज, फी, बंदूक हे सारं शहरातल्या हौशी शिकाऱ्याला जमे, कातकऱ्याला कुठलं जमायला? फणसाड 1986 मध्ये अभयारण्य झालं आणि 1991 च्या दुरुस्तीने देशभरातले शिकारीचे परवानेच बंद झाले. आता पाहुणा आणि गावकरी कायद्यापुढे सारखे.

खरंच सारखे? पाहुण्याचा छंद गेला, कातकऱ्याच्या ताटातला घास गेला. 2006 च्या वनहक्क कायद्याने मध, डिंक गोळा करण्याचा हक्क दिला; शिकार मात्र वगळली. ते योग्यच, रान वाचायलाच हवं. पण रान वाचवण्याची किंमत ज्याने घासाने मोजली, त्याच्या वनहक्काचा दावा तरी कचेरीत धूळ खात पडू नये. न्यायाची सुरुवात तिथून व्हावी.