एकहाती सागरी शर्यतीची नौका

एकट्या नाविकाने महासागर ओलांडण्याच्या शर्यतीसाठी खास सज्ज केलेली लहान शिडाची नौका. मोठ्या नौकेवर खलाशी पाळीपाळीने पहारा करतात. येथे सुकाणू, शिडे, दिशानिश्चिती, दुरुस्ती व स्वयंपाक ही सर्व कामे एकालाच करावी लागतात आणि त्यालाच झोपही घ्यावी लागते. म्हणून थकलेल्या माणसाला अंधारात व खवळलेल्या समुद्रात एकट्याने करता येणार नाही, असे कोणतेही काम नौकेवर राहू न देणे, हे या तयारीचे मुख्य सूत्र होय.

इतिहास : आधुनिक एकहाती शर्यतींचा प्रारंभ १९६० मध्ये प्लिमथ ते न्यूयॉर्क या शर्यतीने झाला. तीत पाच नौका होत्या. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पहिले आले. दुसरे आलेले ब्लाँडी हॅस्लर यांच्या सु. ७.६ मी. लांबीच्या ‘जेस्टर’ नौकेला चिनी पद्धतीचे एकच शीड होते. त्याचे दोर मध्यभागी असलेल्या झरोक्याशी आणलेले असल्याने ते डेकवर न जाता हाताळता येत. १९७७ मध्ये सुरू झालेल्या मिनी ट्रान्सॅट शर्यतीतील नौका ६.५ मी. पेक्षा लांब नसते.

सज्जता : प्रथम सांगाड्याचे सांधे, तळकण्याचे बोल्ट, सुकाणूच्या बिजागऱ्या व डोलकाठीला ताण देणाऱ्या पोलादी तारा तपासतात. पाणी भरले तरी नौका तरंगावी म्हणून पोकळ जागांत हलका फेस-प्लॅस्टिक भरतात. स्वयंचलित सुकाणू अत्यावश्यक असते. त्याच्या एका प्रकारात वातकुक्कुटाप्रमाणे वाऱ्याच्या रोखाने फिरणारे पाते असते. नौका मार्गावरून ढळली की ते कलते व पाण्यातील लहान पाते वळविते. प्रवाहाच्या जोराने हे दुसरे पाते बाजूस ढकलले जाऊन दोरांच्या साहाय्याने सुकाणू फिरविते. यास वीज लागत नाही. विद्युत् सुकाणू अधिक अचूक असले, तरी ते विद्युत् घटमालेवर अवलंबून असते.

शिडे आखूड करण्याचे दोर बसण्याच्या जागेपर्यंत आणतात व वादळी शीड हाताशी ठेवतात. नाविक पाण्यात पडल्यास आपोआप चालणारी नौका त्याला सोडून पुढे जाते. यामुळे सुरक्षापट्टा सदैव नौकेला अडकविलेला असणे हाच त्याचा खरा आधार होय. झोप थोड्या थोड्या वेळाने घेतात व त्यासाठी गजर तसेच जवळ येणाऱ्या जहाजाची सूचना देणारी उपकरणे बसवितात. जीवरक्षक तराफा, संकटसूचक रेडिओ-प्रेषक, हातपंप व सुटे भाग बरोबर असतात. तयारीची खरी कसोटी समुद्रातच लागते. मिनी ट्रान्सॅटसाठी १,००० सागरी मैलांचा अखंड एकहाती प्रवास आधी पूर्ण करावा लागतो.

अनुभव : १९६८–६९ च्या गोल्डन ग्लोब या विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत नऊ जण उतरले, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या एकानेच ती पूर्ण केली. त्यांची सु. ९.८ मी. लांबीची ‘सुहेली’ ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. तिचे स्वयंचलित सुकाणू वाटेत मोडले, तेव्हा शिडांचा तोल साधून त्यांनी ती मार्गावर ठेवली व ३१२ दिवसांत इंग्लंड गाठले. याउलट डॉनल्ड क्रोहर्स्ट अनेक कामे अपुरी असतानाच मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी, निघाले. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका अटलांटिकमध्ये निर्मनुष्य आढळली.

भारतात दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून शर्यतीविना एकहाती पृथ्वीप्रदक्षिणा केली. अभिलाष टॉमी यांच्या ‘सुहेली’च्या धर्तीवर गोव्यातच बांधलेल्या ‘तुरिया’ची डोलकाठी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वादळात मोडली व जखमी अवस्थेत त्यांची सुटका करण्यात आली. २०२२–२३ च्या शर्यतीत ‘बायानात’ या नौकेतून त्यांनी २३६ दिवसांत दुसरा क्रमांक मिळविला.