प्रोस्टेटच्या पेशीचा बदललेला कारभार

पन्नाशी उलटलेल्या पुरुषांच्या रक्ततपासणीत ‘पीएसए’ नावाची एक ओळ असते. आकडा चारच्या पुढे गेला, की घरात कुजबुज सुरू होते. पीएसए म्हणजे कॅन्सरनं रक्तात सोडलेलं काहीतरी, असा अनेकांचा समज. खरं तर ते निरोगी प्रोस्टेटचंच एक एन्झाइम आहे, प्रथिनं कापणारं. बाहेर पडलेलं वीर्य आधी घट्ट असतं. ते पातळ करून शुक्रजंतूंना वाट मोकळी करून देणं हे त्याचं काम. एरवी ते ग्रंथीच्या नलिकांतून बाहेर जातं, रक्तात नाममात्र उतरतं. कॅन्सरमध्ये पेशींची घडी विसकटते आणि ते रक्तात पाझरतं. नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये किंवा जंतुसंसर्गातही हा आकडा चढतो, त्यामुळे एकट्या पीएसएवर निदान होत नाही.

कॅन्सरची पेशी एन्झाइम्स नव्यानं शोधून काढत नाही. हाताशी आहेत त्यांचाच कारभार ती बदलते. याचा सगळ्यात विलक्षण नमुना जस्ताचा.

शरीरातल्या बहुतेक पेशी सायट्रेट नावाचा पदार्थ पुढे पुढे मोडत ऊर्जा काढतात. त्यातली पहिली पायरी अकोनिटेज हे एन्झाइम सांभाळतं. प्रोस्टेटची पेशी मात्र भरपूर जस्त साठवते, ते जस्त अकोनिटेजला अडवतं आणि न वापरलेलं सायट्रेट वीर्यात सोडलं जातं. म्हणजे हातची ऊर्जा ही पेशी चक्क देऊन टाकते! कॅन्सरमध्ये हे औदार्य संपतं. जस्त आत आणणारी प्रथिनं कमी होतात, अकोनिटेज मोकळं सुटतं आणि सायट्रेट घरातच खर्ची पडतं : काही ऊर्जेसाठी, काही नव्या पेशींच्या आवरणांना लागणारी चरबी बनवण्यासाठी. अमेरिकेतल्या लेस्ली कॉस्टेलो आणि रेंटी फ्रँकलिन यांनी अनेक वर्षं या एकाच कोड्याचा पाठपुरावा केला. (यावरून कुणी जस्ताच्या गोळ्या सुरू करू नयेत. इथे प्रश्न आहारातल्या जस्ताचा नाही. पेशीच ते आत घेईनाशी होते.)

दुसरी गोष्ट पुरुषी संप्रेरकाची. शिकागोतले शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं, की वृषणं काढली तर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागे हटतो. त्याचा पुरावाही एन्झाइमचाच होता : रुग्णांच्या रक्तातलं ॲसिड फॉस्फटेज हे प्रोस्टेटचं एन्झाइम उतरलं. या कामासाठी त्यांना 1966 मध्ये नोबेल मिळालं. पण प्रोस्टेटमध्ये टेस्टोस्टेरॉन आहे तसं वापरलं जात नाही. 5-अल्फा रिडक्टेज त्याचं कितीतरी जहाल अशा डीएचटीमध्ये रूपांतर करतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांत हे एन्झाइम जन्मतः उणं असतं. अशा पुरुषांचं प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहतं. 1974 मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि त्याच धाग्यावरून पुढे फिनास्टेराइड हे औषध आलं. आज केस गळतात म्हणूनही ते घेतलं जातं. या गोळीनं पीएसए साधारण निम्मं होतं, हे मात्र घेणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असतं? डॉक्टरला गोळीबद्दल सांगितलंच नाही, तर दोनचा आकडा सुरक्षित वाटू शकतो. खरा असतो चारच्या आसपास.

वृषणांचं टेस्टोस्टेरॉन बंद केल्यावरही काही वर्षांनी आजार उलटतो. पालिकेनं पाणी तोडलं की सोसायटी आवारातच बोअर मारते, तशी गाठ अधिवृक्क ग्रंथींकडून येणारा कच्चा माल घेऊन डीएचटी स्वतःच बनवू लागते. त्या कच्च्या मालाच्या निर्मितीत सीवायपी-17 हे एन्झाइम लागतं. 2011 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ॲबिरॅटेरॉन नेमकं त्यालाच रोखतं. सोबत स्टेरॉइडची गोळी द्यावी लागते, कारण तेच एन्झाइम कॉर्टिसॉल बनवायलाही लागतं. काही पुरुषांत पुढच्या टप्प्यावरच्या एन्झाइमचा असा जन्मजात प्रकार असतो, की ते पेशीत लवकर मोडीत निघत नाही. त्यांच्यात संप्रेरक तोडण्याचा उपचार लवकर निष्प्रभ होण्याचा धोका जास्त असतो.

सायट्रेटवर भागवणाऱ्या या पेशींना सुरुवातीला साखरेची फारशी हाव नसते. म्हणून साखर शोधणारा नेहमीचा पेट स्कॅन इथे बऱ्याचदा कमी पडतो. मग कामी येतं पीएसएमए, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं आणखी एक एन्झाइम. ग्लुटामेट कापणारी जी खाच त्याच्यात असते, तिथेच जाऊन बसणारे रेणू रसायनशास्त्रज्ञांनी घडवले. अशा रेणूला गॅलियम-68 जोडलं तर स्कॅनवर गाठी दिसतात. ल्युटेशियम-177 जोडलं तर किरणोत्सर्ग थेट गाठीपाशी पोहोचतो. हे ल्युटेशियम आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. मात्र काही पेशी उपचारांच्या रेट्याखाली आपली ओळखच बदलतात, चेतापेशींसारख्या वागू लागतात आणि पीएसएमए टाकून देतात. जनुकं मिटवून ठेवणारं ईझेडएच-2 हे एन्झाइम या रूपांतरात हातभार लावतं. त्यामुळे आधी गॅलियमचा स्कॅन करतात आणि गाठी त्यात पुरेशा उजळल्या, तरच ल्युटेशियमचा विचार होतो.