कोळशाचा वायू आणि विजेचा घट : सफाईचा हिशेब आधी करा

वर्धा नदीच्या नावाने ओळखला जाणारा कोळशाचा पट्टा आपल्या शेजारच्या चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत आहे. कोळशापासून वायू बनविण्यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अशा वायूपासून इंजिनाशिवाय थेट वीज देणारे साधन म्हणजे सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल. ते कसे चालते आणि कशाने बिघडते, हे कारखानदाराने समजून घेतले पाहिजे.

हा घट ७०० ते १,००० अंश उष्णतेवर चालतो. मध्ये झिर्कोनियाच्या चिनी मातीसारखा पातळ थर असतो; त्यातून हवेतला ऑक्सिजन पलीकडे जातो. पलीकडे निकेलचा थर असतो. तिथे वायूतील हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन वीज निघते. म्हणजे सारा कारभार निकेलवर अवलंबून आहे, आणि कोळशातील अशुद्ध द्रव्ये नेमका निकेलवरच घाला घालतात.

आपल्याकडच्या कोळशात राख पुष्कळ, पण गंधक कमी, म्हणून काळजी नाही, असे कोणी म्हणेल. हा हिशेब बरोबर नाही. कोळशात अर्धा टक्का गंधक असले तरी वायूच्या दहा लाख भागांत गंधकाचा वायू शेकड्यांनी, कधी हजारावरही निघतो. निकेलला मात्र दहा लाखांत एक-दोन भागही बाधतात. गंधक निकेलच्या पृष्ठभागावर बसून जागा अडवते आणि वीज घटते. स्वच्छ वायू दिल्यास, नुकसान थोड्या काळाचे असेल तर, बरीचशी शक्ती परत येते.

फॉस्फरस व आर्सेनिक यांचे तसे नाही. ते निकेलशी संयोग पावून नवाच पदार्थ बनवितात. कापडावरचा डाग धुऊन निघतो, पण सडलेले सूत पूर्ववत होत नाही, तसेच हे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळांनी केलेल्या तपासणीतही हीच दोन द्रव्ये विशेष घातक दिसली. शिवाय घट काही काळ ठीक चालतो आणि मग एकाएकी खचतो, म्हणून सुरुवातीच्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही.

उपाय आहेत. राख गाळण्यांनी अडवितात, गंधक झिंक ऑक्साइडच्या थरात धरतात, आर्सेनिक व फॉस्फरससाठी निकेल किंवा तांब्याचा वेगळा थर घटाच्या आधी ठेवतात. हे थर भरले की बदलावे लागतात. नळाच्या किंवा सिलिंडरच्या गॅसवर घट चालविला तरी गंधक काढावेच लागते, कारण गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम घातलेला वास गंधकाचाच असतो.

तेव्हा असे यंत्र विकायला कोणी आले, तर युनिटचा भाव विचारण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्या : घटात जाणाऱ्या वायूत गंधक, फॉस्फरस व आर्सेनिक किती राहील; सफाईचे थर किती दिवसांनी बदलायचे व खर्च कोणाचा; आणि हजारो तास चालविल्यावर वीज किती घटते. एवढी उत्तरे मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नये.