विश्लेषण : गावाकडे रेंज नाही म्हणून सिमकार्डची कंपनी बदलावी का?

पिंपरी-चिंचवडहून पुणे-नाशिक महामार्गाने चाकणपर्यंत जाताना मोबाइलची रेंज सहसा सुटत नाही. चाकणहून पश्चिमेला वळले, भामा आसखेड किंवा चासकमान धरणांच्या मागच्या डोंगरांत शिरले, की ती ये-जा करू लागते. औद्योगिक वसाहतीत पाळीवर असलेला कामगार घरी फोन लावतो आणि उत्तर मिळते, ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’. घरी वृद्ध आई-वडील असतील तर हे वाक्य जिवाला घोर लावते. मग एके दिवशी कुटुंब ठरवते, की कंपनीच बदलून टाकू. हा निर्णय घाईत घेतला तर पुढचे ९० दिवस पुन्हा कंपनी बदलता येत नाही. म्हणून रेंज नेमकी कशामुळे जाते, हे आधी समजून घ्यावे लागते.

रेंज जाण्याची कारणे काय?

मोबाइलच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्याच्या आडोशाला सिग्नलची सावली पडते. खेड तालुक्याचा पूर्व भाग तुलनेने सपाट आहे, तर पश्चिम भाग भीमाशंकरपर्यंत सह्याद्रीच्या रांगांत आहे. तेथे एकाच गावाच्या दोन वाड्यांमध्येही फरक पडू शकतो. दुसरे कारण लहरींच्या वारंवारितेचे. ७००, ८०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंती भेदतात. १८००, २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींची माहिती वाहून नेण्याची क्षमता जास्त, पण पल्ला कमी असतो. कोणत्या कंपनीने कोणत्या टॉवरवर कोणता पट्टा सुरू केला आहे, यावर त्या गावातील अनुभव ठरतो.

कालपर्यंत असलेली रेंज अचानक जाण्याची कारणे बहुधा वेगळी असतात. वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी संपली आणि जनरेटरला डिझेल मिळाले नाही, तर तो बंद पडतो. रस्त्याच्या खोदकामात टॉवरला जोडणारी ऑप्टिकल फायबर केबल तुटली, तर टॉवर उभा असतो, पण सेवा बंद होते.

चाकणमध्ये रेंज भरलेली असूनही इंटरनेट का रखडते?

हा रेंजचा नव्हे, गर्दीचा प्रश्न आहे. पडद्यावरच्या दांड्या सिग्नलची ताकद सांगतात. त्या टॉवरवर किती जण आहेत, हे त्यांतून कळत नाही. पाळी सुटण्याच्या वेळी हजारो फोन एकाच वेळी इंटरनेट वापरू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी वेग येतो. कारखान्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणखी एक अडचण असते. धातूचा पत्रा लहरी अडवतो, त्यामुळे आत फोन लागत नाही आणि दाराबाहेर येताच लागतो. गर्दी असलेल्या ठिकाणी कमी ग्राहक असलेली कंपनी चांगली चालू शकते. पण तीच कंपनी डोंगरातील गावात मुळीच नसेल, असेही होऊ शकते. कामाच्या आणि घरच्या जागेचा विचार म्हणूनच वेगवेगळा करावा लागतो.

कंपनी बदलल्याने प्रश्न सुटतो का?

कधी सुटतो, कधी नाही. गावाच्या नजरेच्या टप्प्यात दुसऱ्या कंपनीचा टॉवर असेल आणि सध्याच्या कंपनीचा नसेल, तर बदलाचा उपयोग होतो. मात्र आज अनेक ठिकाणी एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांची यंत्रणा बसवलेली असते. त्या मनोऱ्याची वीज गेली तर त्या सर्व कंपन्यांची सेवा एकदमच जाऊ शकते. मग सिम बदलून काहीच हाती लागत नाही.

हातातील फोनही पाहावा लागतो. जिओचे जाळे ४जी आणि ५जीचे आहे, त्यावर २जी सेवा नाही. त्यामुळे आईकडे केवळ २जीवर चालणारा साधा कीपॅडचा फोन असेल, तर जिओचे सिम त्यात चालणार नाही. बीएसएनएलच्या ४जी सेवेत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा महत्त्वाचा आहे. हा पट्टा न पकडणाऱ्या जुन्या फोनमध्ये टॉवर जवळ असूनही ४जी दिसणार नाही, असे होऊ शकते.

२०२४ मधील दरवाढीनंतर काय दिसले?

जुलै २०२४ च्या सुरुवातीला जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे ग्राहक देशभरात सुमारे २९ लाखांनी वाढले. नोव्हेंबरमध्ये मात्र ते पुन्हा घटले. स्वस्त दरासाठी कंपनी बदलणे सोपे असते. पण गावात टॉवरच नसेल तर कमी दराचा उपयोग नाही.

बदलण्याआधी काय तपासावे?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) २०२४ च्या सेवा गुणवत्ता नियमांनुसार प्रत्येक कंपनीने २जी, ३जी, ४जी आणि ५जी सेवेचे नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. हे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. नकाशात गाव रंगलेले दिसले, तरी घराच्या जाड भिंतीआड तीच रेंज मिळेल असे नाही. त्यामुळे खात्रीचा मार्ग जुनाच आहे. मूळ क्रमांक तसाच ठेवून, फोनच्या दुसऱ्या खाचेत नव्या कंपनीचे सिम लहान मुदतीच्या रिचार्जसह घालावे आणि आठवडाभर वापरून पाहावे. घरात, गोठ्यात, शेतात, बसथांब्यावर, सकाळी आणि रात्री, तसेच वीज गेलेली असताना फोन लागतो का, हे पाहावे. बँकेचा ओटीपी ज्या क्रमांकावर येतो, त्याला या काळात हात लावू नये.

पोर्ट करण्याचे नियम काय आहेत?

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर २० जानेवारी २०११ रोजी सुरू झाली. ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यातील परिमंडळातही क्रमांक नेता येतो. त्यासाठी ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला मोबाइल क्रमांक टाकायचा आणि १९०० वर संदेश पाठवायचा. रिचार्जची मुदत संपली असली, तरी हा संदेश पाठवू देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. उत्तरात आठ अक्षरी कोड येतो आणि महाराष्ट्रात तो चार दिवस वैध असतो. गावात रेंजच नसेल तर संदेश जाणार नाही, म्हणून ही पायरी चाकण किंवा राजगुरुनगरला असताना उरकणे सोयीचे.

परिमंडळातल्या परिमंडळात बदलाला तीन कामकाजाचे दिवस लागतात, परिमंडळाबाहेर पाच. मराठवाडा-विदर्भातून चाकणला आलेल्या कामगाराचा क्रमांक महाराष्ट्र परिमंडळातीलच असतो; मुंबईचा किंवा बिहारचा क्रमांक मात्र वेगळ्या परिमंडळाचा ठरतो. क्रमांक सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस असावा लागतो. पोस्टपेडची थकबाकी असेल तर विनंती फेटाळली जाते, प्रीपेडची शिल्लक रक्कम बुडते. १ जुलै २०२४ पासून सिम बदलून घेतल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. फसवणूक रोखण्यासाठी ही अट आहे. कारखान्याने दिलेला क्रमांक असेल तर व्यवस्थापनाचे अधिकारपत्र लागते.

एकाही कंपनीची रेंज नसेल तर?

घरात फायबर इंटरनेट असेल तर वाय-फाय कॉलिंगने साध्या क्रमांकावर बोलता येते. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर परवानगीशिवाय लावणे बेकायदा आहे आणि त्यामुळे शेजाऱ्यांची रेंज बिघडू शकते. कंपनीकडे तक्रार केल्यावर तक्रार क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास ३० दिवसांत तिच्या अपिलीय प्राधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. भरपाईच्या नव्या तरतुदीची मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. जिल्हा पातळीवर सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तरच पोस्टपेडला सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ मिळते. एका गावाचा टॉवर आठवडाभर बंद राहिला तरी तो यात बसत नाही.

टॉवरच नसलेल्या गावांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटी रुपयांची ४जी योजना मंजूर केली. १७ जानेवारी २०२५ रोजी सरकारी निधीतून उभारलेले टॉवर इतर कंपन्यांच्या ग्राहकांनाही खुले करण्याची सोय सुरू झाली. अशा टॉवरच्या टप्प्यातील गावात सिम कोणत्या कंपनीचे, हा प्रश्न मागे पडतो.

एवढा आटापिटा कशासाठी, याचे उत्तर शेजारच्या आंबेगाव तालुक्यात आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि सुमारे दीडशे जणांचा बळी गेला. त्या मार्गावरच्या एसटी चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचे जाळे पोहोचत असल्यास ११२ हा क्रमांक लागू शकतो; कोणतेच जाळे नसेल तर तोही लागत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी घरातील प्रत्येकाला फोन नक्की कुठे लागतो, ती जागा माहीत असायला हवी आणि घरातील दोन फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असायला हवीत. एकच कंपनी निवडण्याच्या वादापेक्षा डोंगरपट्ट्यात ही तजवीज अधिक उपयोगी ठरते.