रामकुंडावरची पाळी

पहाटे साडेपाच. हजेरी लागली की खराटा, फावडं, घमेलं आणि लांब बांबूची जाळी घेऊन मावशी गंगेवर उतरतात. नाशिककरांना गोदावरी ही गंगाच. रात्रीच्या बसने आलेले यात्रेकरू अंधारातच न्हाऊन घेतात. त्यांच्यामागे पायऱ्यांवर उरतात शाम्पूच्या पुड्या, साबणाची वेष्टनं, चहाचे कागदी कप. खराट्याच्या एका फेरीत सगळं गोळा होतं. हा सोपा कचरा.

सात. दशक्रियेची मंडळी येऊ लागतात. अस्थी, पिंड, मुंडनाचे केस आणि कपडे. गेलेल्या माणसाचं धोतर किंवा साडी, शिवाय विधीला बसलेल्यांनी तिथेच सोडलेले ओले पंचे. नदीतल्या कचऱ्यावर लिहिणारे आम्ही लोक प्लास्टिकपाशी थांबतो. इथे कंबर मोडते ती कापडाने. पाणी प्यालेली नऊवारी जाळीत आली की ओढायला दोघी लागतात.

नऊ ते अकरा ऐन गर्दी. एक कुटुंब गाडीतून उतरतं. हातात घट्ट गाठ मारलेली पिशवी. आत घरचं निर्माल्य, नारळ, देवाची जुनी तसबीर. मावशी निर्माल्य कलश दाखवतात.

"अहो मावशी, देवाचं कचऱ्यात कसं टाकू? पायदळी येईल."

"दादा, कलशातलं वेगळं जातं. निदान गाठ तरी सोडा."

दादा हात जोडतात आणि पिशवी गाठीसकट पाण्यात सोडतात.

वेफर्सचं पाकीट टाकणाऱ्याला हटकलं की तो बहुधा ओशाळतो, इकडेतिकडे बघत उचलतोही. या गृहस्थांना हटकलं तर ते दुखावतात. अनादर त्यांच्या मनात नसतोच. देवाची विटंबना होऊ नये म्हणूनच तर ते एवढी खटपट करून आले. 'कचरा करू नका' ही पाटी त्यांनी वाचली तरी ती आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटत नाही. म्हणून दंडाच्या पावतीपेक्षा गुरुजींचं एक वाक्य इथे जास्त चालेल असं मला वाटतं. विधी संपताना, दक्षिणा देण्याआधी, मंडळी कान देऊन ऐकत असतात तेव्हाचं.

एवढ्यात पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात टाकतात. हल्लीचा रुपया पोलादाचा, लगेच चिकटतो. नाणी निवडून निघतात, पिशव्या राहतात.

एक वाजता घंटागाडी. घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे ओलं-सुकं वेगळं हवं. फुलं ओली, अगरबत्तीचा पुडा सुका, आणि तसबिरीची फुटकी काच? गाठ मारणाऱ्याने हा प्रश्न स्वतःला विचारलेला नसतो. तो सुटतो मावशींच्या बोटांनी, हातमोज्यांतून काच लागू न देता.

दोनला पाळी बदलते. मावशी घरी, त्यांच्या जागी एक तरुण.

चार. गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल त्या दिवशी तरंगणारं सगळं पुढे सरकतं आणि काठावरचे पाहुणे खूश होतात, "बघा, गंगा कशी आपोआप साफ होते!" खाली निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे, 2020 मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा म्हणून जाहीर झालेला. नाशिकच्या गंगेला तिथे थांबावं लागतं. पुण्य इथलं, गाळणी तिथली.

संध्याकाळी गोदाआरती. मोबाइल उंचावतात, द्रोणांत दिवे सुटतात. राज्यात थर्माकोलच्या ताटवाट्यांवर 2018 मध्ये बंदी आली. आता पानांच्या द्रोणांशेजारी चंदेरी मुलाम्याच्या कागदाचेही दिसतात. ते ना विरघळतात, ना लवकर बुडतात.

एक लहान मुलगी त्या तरुणाला विचारते, "दादा, माझा दिवा कुठपर्यंत जाईल?"

"गाडगे महाराज पुलापर्यंत. तिथे मी जाळी घेऊन असतो."